बांधायचं पान मोजायचं नाही

पान बांधायचं ते उजाडायच्या आत. ऊन चढलं की त्याचा नुसता चुरा. त्या वर्षी पावसानं वेळेआधीच काढता पाय घेतला होता, आणि थंडी लागल्यापासून डोंगराकडून असा कोरडा वारा सुटला होता की मांडवात काठ्यांवर टांगलेली तंबाखू दिवसभर कडकडायची. खालून शेळी गेली तरी दोन पानं गळून यायची. तुटक्या पानाला तंबाखू घेणाऱ्या सोसायटीत कोणी हात लावत नाही. म्हणून एसिनाती दव असेतोवर काय हाती लागेल ते उतरवून घ्यायची, आणि आपल्यासमोर चटईवर नातीला बसवायची.

सगळं गाव तिला कुळाच्या नावानं नाबांडा म्हणायचं. तिच्या जिभेला कोणी नावं ठेवत नसे, कारण नावं ठेवायला तोंड उघडावं लागतं, आणि तिच्यासमोर तोंड उघडणाऱ्याला ते मिटायची संधी ती देत नसे. शाळेत ती एकच पावसाळा गेली होती. तेवढ्यात शंभरापर्यंत आकडे तोंडपाठ झाले. पुढे शिकवण्यासारखं मास्तरांकडे काही नव्हतं, असं ती सांगायची.

"देठ सारखे कर," ती म्हणाली. "दात पडलेल्या म्हातारीच्या तोंडासारखी दिसतेय तुझी जुडी."

तिसाउके आठ वर्षांची, अंगानं काडी. तिनं देठ मांडीवर आपटून सारखे केले. एक, दोन, तीन; ओठ हलत होते, आवाज नव्हता. दहा पानं झाली. मग तिनं ढिगातलं एक नरम, लांब पान उचललं, मधल्या शिरेवर दुमडलं, देठांभोवती घट्ट गुंडाळलं आणि त्याचा शेंडा पानांच्या मधून खोवून टाकला. जुडी झाली. आमच्याकडे जुडी अशीच बांधतात. सुतळीनं बांधलेली जुडी म्हणजे उघडी पडलेली बाई, असं एसिनातीची आई म्हणायची.

पोर पहिल्यांदा चटईवर बसली तेव्हा नऊ पानं घेऊन दहाव्यानं बांधायची. एसिनातीनं बोटांवर तडाखा दिला होता. "बांधायचं पान मोजलंस? तुला कोणी सांगितलं मोजायला? जुडी दहाची. बांधायचं पान मोजायचं नाही." पोरीनं पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा तडाखा. नंतर कधीकधी एसिनाती मुद्दाम विचारायची, "हे पान मोजायचं का गं?" आणि पोर हात पाठीमागे नेऊन सांगायची, "नाही आजी." आता तिची जुडी उघडून बघायची गरज नव्हती. सोसायटीतही नाबांडाची जुडी कोणी उघडत नसे. बाकीच्यांच्या गठ्ठ्यात हात घालून आतली पानं ओढून बघणारे लोक तिचा गठ्ठा नुसता थोपटून पुढे ढकलायचे. त्या थोपटण्यावर ती वर्षभर जगायची.

ऊन मांडवाच्या खांबाला टेकलं तशी ती उठली. "जा आता शाळेत. हात राखेनं घास. नाहीतर बाई म्हणतील, नाबांडाची पोर हातमोजे घालून आली."

पोरीनं हात घासले. काळा चीक काही निघाला नाही. तो मक्याचं पीठ शिजवून केलेल्या न्सिमाच्या घासाबरोबर तोंडात जातो आणि सगळं कडू लागतं. पण तंबाखूवाल्या घरात कडू लागलं म्हणून जेवण कोणी टाकत नाही.

*

लाफोर्ड रविवारी आला. एसिनातीचा हा एकुलता मुलगा शहरात एका गोदामात रखवाली करायचा. बस थांब्यावरून भाड्याची सायकल घेऊन तो आला तेव्हा एसिनाती अंगणात भोपळ्याच्या पानांचे दोरे सोलत होती आणि शेजारची मालिता उखळात मका कांडत होती.

"आई, बरी आहेस?"

"तू दिसलास, आता बरी होते की काय ते बघू."

त्यानं सायकल भिंतीला टेकवली, स्टुलावर बसला, पाणी प्याला. मग मुद्द्यावर आला. बायको बाळंत झाली होती, तिलाही पुढच्या महिन्यात कामावर जायचं होतं, मूल सांभाळायला घरात पोर हवी होती.

"तिसाउकेला नेतो."

"नेतो? कोंबडी आहे का पाय बांधून न्यायला?"

"शाळेत काय दिवे लावतेय ती? तिसऱ्यांदा पहिलीत बसलीय. शेळीसुद्धा तीन वर्षांत आपला खुंटा ओळखते."

"तुझी बायको ओळखते का अजून चूल कुठे असते ते?"

मालिता उखळात हसली. लाफोर्ड हसला नाही. आमच्यात बहिणीच्या लेकरांवर मामाचा शब्द चालतो. त्याची बहीण, तिसाउकेची आई, वारली तेव्हा तिच्या मातीवर हात ठेवून लेकरांची जबाबदारी त्यानंच घेतली होती, आणि तिसाउकेची थोरली बहीण एलुबी त्यानंच नेली होती, 'एका वर्षापुरती' म्हणून. ती आता शहरातल्या बस थांब्यावर टोपलीत पाव विकते. मागे एसिनाती शहरात गेली तेव्हा एलुबीनं तिला बसच्या खिडकीतून पाव दाखवला होता. गिऱ्हाईक समजून.

"आई, मी भांडायला आलो नाही. ज्याचं डोकं चालत नाही त्याचे हात चालवावेत."

एसिनातीनं हातातलं पान खाली ठेवलं. "डोकं चालत नाही? या घरात? ऐक. याच महिन्यात परीक्षा आहे. पोर दुसरीत गेली, तर पुन्हा तिचं नाव तोंडातून काढायचं नाही. नाही गेली, तर घेऊन जा. मी दारापर्यंतसुद्धा येणार नाही."

"शब्द?"

"मालिता ऐकतेय. तिच्या कानात गेलं म्हणजे गावाच्या कानात गेलं."

"मी तर कांडतेय बाई," मालिता म्हणाली. पण तिचं मुसळ कधीचं थांबलं होतं.

तिसाउके कणगीच्या सावलीत उभी होती. मामा तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला तेव्हा ती ताठ झाली, पाय धरलेल्या कोंबडीसारखी.

*

एसिनातीला खात्री होती. तरी दुसऱ्या दिवशी तिनं पोरीची परीक्षा घेतली. मांडवात पानांचा ढीग टाकला, "बांध" म्हणाली. पोरीनं बांधलं. किती? सहा जुड्या, सुटी तीन. "त्रेसष्ट," पोर म्हणाली. एसिनातीनं मोजलं. सहा जुड्या, सुटी तीन. त्रेसष्ट. आणखी एक ढीग. पुन्हा बरोबर. मग कुठे अडतंय? चूक पोरीत नाही, तर ती दुसरीकडे कुठेतरी असणार, आणि दुसरीकडे म्हणजे शाळेत. ती डोक्याला फडकं बांधून निघाली.

शाळा सुटली होती. म्वाले बाई आपल्या खोपटापुढे मक्याचं पीठ चाळत बसल्या होत्या. तरुण पोरगी, गावात नवी, दोन पावसाळेही झाले नव्हते. आंब्याखालच्या पहिलीत तिच्यापुढे एवढी पोरं असायची की मागच्या रांगेतल्यांची नावं कळेपर्यंत वर्ष सरायचं.

"बाई, माझ्या नातीचं डोकं कुठे फुटलंय ते दाखवा. मी बांधून देते."

बाईंनी हात झटकले, चटई पुढे केली. "बसा आजी. मीच यायची होते तुमच्याकडे."

"आलात तर नाही."

"नाही आले," बाई म्हणाल्या. "तिसाउकेचं मला कोडंच पडलंय. आम्ही जमिनीवर दोन घरं आखतो. एक दशकाचं, एक एककाचं. दहा काड्यांची जुडी दशकाच्या घरात, सुट्या काड्या एककाच्या घरात. तेवीस दाखव म्हटलं, की ती पटकन दोन जुड्या ठेवते, तीन सुट्या. सगळ्यांच्या आधी. पण काड्यांचा ढीग देऊन किती ते सांग म्हटलं, की चुकते. चौतीस दिल्या तर एकतीस सांगते. बावन्न दिल्या तर अठ्ठेचाळीस. मग मला वाटलं, तेवीस ती शेजारणीचं बघून ठेवते."

"म्हणजे चोरते."

"तसं मी म्हटलं नाही."

"उभं केलंत ना तिला पोरांपुढे?"

बाई चाळणीकडे बघत राहिल्या. "केलं."

"आणा तुमचा ढीग."

बाईंनी आतून टोपली आणली. गवताच्या वाळक्या काड्या, एका मापाच्या कापलेल्या. त्यांनी मोठ्यानं मोजत पंचेचाळीस काड्या चटईवर टाकल्या. एसिनातीनं लुगड्याला हात पुसले. डोळे बाईंच्या तोंडावर आणि बोटं काड्यांत, असं तिनं काम सुरू केलं. दहा घेतल्या, टोकं जुळवली, एक काडी दाबून मऊ केली, गुंडाळली, खोवली. चाळलेलं पीठ परातीत बसायच्या आत चार जुड्या झाल्या. चटईवर एक काडी उरली.

"एक्केचाळीस. चार काड्या तुमच्या मांडीखाली आहेत."

बाई उठून उभ्या राहिल्या, लुगडं झटकलं. काही पडलं नाही. चटई उचलली. खाली मुंग्या. मग त्यांनी एक जुडी उचलून सोडली आणि मोजली.

"अकरा."

"दहा. ही बांधायची."

"पण काडीच आहे ना?"

"बांधायची काडी कोण मोजतं? सासरी गेल्यावर बैलगाडी मोजतात का आहेरात?"

बाईंनी दुसरी सोडली. अकरा. तिसरी, चौथी. दुमडलेल्या चार काड्या त्यांनी बाजूला ठेवल्या. त्या सरळ होत नव्हत्या, सापाच्या पिलांसारख्या वळवळून पडल्या होत्या. "तुमच्या हरवलेल्या चार," त्या म्हणाल्या. मग त्यांना हसू आलं, आणि लगेच त्यांनी तोंडावर हात ठेवला. "आणि मी तिला चोर ठरवलं. बाकीची पोरं सालीची दोरी आणतात. ती कधीच आणायची नाही. मला वाटलं, घरातून देत नसतील."

एसिनाती त्या चार काड्यांकडे बघत होती. माशाचा काटा घशात बसला की माणूस खोकतही नाही, गिळतही नाही, तशी.

"परीक्षा हेडमास्तर घेतात," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "ढीग देतात. ते गाठ बघत नाहीत, आकडा बघतात. तुम्ही तिला सांगा आजी. मी दहा वेळा सांगितलं, दोरी आण. ती मान हलवते आणि रिकाम्या हातानं येते. तुमचा शब्द ऐकेल."

एसिनाती उठली. गुडघे वाजले. निरोप न घेता ती निघाली, आणि वाटेत तिला एक बरं वाटलं, की हे सगळं एका चटईवर झालं होतं आणि दोघींशिवाय कोणी बघितलं नव्हतं.

*

पोरीला सांगायचं एवढंच तर होतं. तिनं गवताच्या काड्या कापल्या, म्सुकूच्या झाडाच्या सालीची दोरी काढली आणि चुलीपाशी पोरीला बसवलं.

"शाळेत बांधायची काडीपण मोजायची."

पोरीनं आजीच्या तोंडाकडे बघितलं नाही, हाताकडे बघितलं. "नाही आजी."

"अगं, मी सांगतेय."

"नाही आजी. बांधायचं मोजायचं नाही." आणि दोन्ही हात पाठीमागे गेले.

"हात पुढे घे. मारत नाहीय मी. बांध."

पोरीनं दहा घेतल्या. मग बोटं आपोआप ढिगाकडे गेली, अकरावी आली, गुंडाळली गेली. त्यावर तिनं सालीची दोरीही बांधली, आजीनं दिली म्हणून.

"दहाच! दोरी दिलीय ना बांधायला?"

पोरीनं जुडी सोडली आणि पुन्हा बांधली. पुन्हा तसंच. एसिनातीचा आवाज चढला तशी पोरीची मान खांद्यात गेली. आवाज उतरवला तर पोर आणखीच घाबरली, कारण आजीचा उतरलेला आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. त्यामागे काय येतं ते तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या सकाळी मांडवात पुन्हा तेच. आणि त्यातून मांडवात तर बांधायचं पान मोजायचंच नव्हतं. तिथे पोर चुकली असती तर गठ्ठा गेला असता.

"शाळेचं वेगळं, मांडवाचं वेगळं," एसिनाती म्हणाली. "कळतंय का? इथं असं, तिथं तसं."

पोरीनं हातातलं पान दुमडलं. मग म्हणाली, "मग चुकतं कोण? बाई का तू?"

"कोणी नाही चुकत."

पोरीनं मान हलवली, पण ते तिला पटलं नाही हे आंधळ्यालाही दिसलं असतं. त्या घरात कोणीतरी चुकलेलंच असायचं. भाजीत मीठ जास्त झालं तर कोणीतरी चुकलेलं, शेळी शेतात शिरली तर कोणीतरी चुकलेलं, पाऊस आला नाही तरी गावचा मुखिया चुकलेला. आणि ती एसिनाती कधीच नसायची. एवढं पोरीला पक्कं माहीत होतं. एकक-दशकापेक्षा पक्कं.

एसिनातीच्या तोंडात उत्तर आलं होतं. तीन शब्दांचं. ते जिभेपर्यंत आलं आणि तिथेच बसलं. मालिता कुंपणापलीकडे खोकली.

"देठ सारखे कर," ती म्हणाली.

*

परीक्षेच्या सकाळी दव दाट पडलं होतं. इतक्या दिवसांत पडलं नव्हतं असं. पानं फडक्यासारखी मऊ झाली होती. एका बैठकीत दोन काठ्या उतरवून झाल्या असत्या. एसिनाती मांडवात गेली, एक पान गालाला लावून बघितलं, आणि सगळं तसंच टांगलेलं ठेवून बाहेर आली. पोरीला पुढे घातलं आणि स्वतः मागून चालली.

आंब्याखाली पोरं रांगेत बसली होती. हेडमास्तरांसाठी खुर्ची मांडली होती. मागे कुंपणापाशी चार-पाच आया उभ्या होत्या, पाठीला लेकरं बांधून, मालिताही होती. एसिनाती तिथे थांबली नाही. ती सरळ रांगांमधून चालत गेली आणि पहिल्या रांगेच्या टोकाला, तिसाउकेच्या शेजारी, मातीत मांडी घालून बसली.

"नाबांडा, मोठ्या माणसांनी कुंपणापाशी थांबायचं," हेडमास्तर म्हणाले.

"मी पहिलीत आलेय."

पोरं खिदळली. कुंपणापाशीही कोणी हसलं. हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी काही म्हणायच्या आत म्वाले बाई पुढे आल्या.

"सर, एकच मिनिट. राहू द्या."

"बाई," एसिनाती म्हणाली, "मला ढीग द्या. आधी मला."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. ढीग मोजून मातीत ठेवला. चौतीस काड्या. दोन घरं आखलेलीच होती. एसिनातीनं नेहमीच्या हातानं बांधलं, नेहमीच्या वेगानं, आणि तिसाउके तिच्या बोटांकडे बघत होती, ओठ हलवत. तीन जुड्या दशकाच्या घरात. एक काडी एककाच्या घरात.

"एकतीस," एसिनाती म्हणाली. आवाज तिचा रोजचाच होता, कुंपणापलीकडे जाणारा.

बाईंनी काड्यांकडे बघितलं, मग हेडमास्तरांकडे.

"सांगा ना. बरोबर की चूक?"

"आजी..."

"आजी कोण? पहिलीतल्या पोरांना सांगता तसं सांगा."

"चूक," बाई म्हणाल्या. "चूक, नाबांडा."

मग मागच्या रांगेतून एकजण फुसकन हसला, आणि सगळा आंबा हसायला लागला. वर बसलेले कावळे उडाले. तिसाउके हसली नाही. ती आजीच्या तोंडाकडे बघत होती, घर जळताना बघावं तशी. आता काय पडेल, कोणावर पडेल.

"कुठे चुकलं?" एसिनातीनं विचारलं.

बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. जुडी सोडली. "दहाच काड्या घ्यायच्या. बांधायला दोरी. ही बांधायला घेतलेली काडी, हीपण काडीच. हिला एककाच्या घरात ठेवा."

"पुन्हा बांधते."

दहा घेतल्या. बोटं ढिगाकडे गेली आणि अकरावी घेऊन आली. पोरं ओरडली, "अकरा! अकरा!" तिनं ती परत ठेवली. दोरी उचलली. दुसऱ्या जुडीलाही तसंच झालं. चाळीस वर्षं जे बोटांनी केलं ते बोटं सोडेनात. तिनं डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरून त्याला मागे ओढलं, हट्टी शेळीचा कान धरून ओढावं तसं. यावेळी पोरं जास्तच हसली. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता. पुसायला हात मोकळा नव्हता.

तीन जुड्या. चार सुट्या.

"चौतीस," ती म्हणाली.

"बरोबर," बाई म्हणाल्या.

"संपलं का?" हेडमास्तरांनी विचारलं. "आता ज्यांची परीक्षा आहे त्यांची घेऊ या का?"

तिसाउकेला बावन्न काड्या मिळाल्या. तिनं पहिल्या दहा घेतल्या आणि टोकं जुळवली. मग तिची बोटं ढिगाकडे गेली, अकरावी काडी उचलली, आणि हात तिथेच थांबला. पोर आजीकडे वळली.

एसिनातीनं तिच्याकडे बघितलं नाही. ती आपल्या गुडघ्यांवरच्या धुळीकडे बघत बसली. हात दोन्ही मांडीवर उलटे ठेवले होते, काळे, उघडे, कोणालाही दिसतील असे.

काडी बराच वेळ हवेत होती. मग पोरीनं ती खाली ठेवली. दोरी घेतली. बांधली. दुसरी जुडी, तिसरी; चौथीला थोडी अडखळली, पाचवी पटकन. दोन काड्या उरल्या. त्या तिनं एककाच्या घरात शेजारी शेजारी ठेवल्या, सारख्या करून.

"बावन्न," ती म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही. "मोठ्यानं," हेडमास्तर म्हणाले.

"बावन्न!"

हेडमास्तरांनी मान डोलावली आणि पुढच्या पोराकडे वळले. एवढंच. एसिनाती जमिनीला हात टेकून उठली. कुंपणापाशी आयांनी तिला वाट दिली. कोणी काही बोललं नाही, म्हणजे ती लांब जाईपर्यंत बोललं नाही.

*

मांडवात ती परतली तेव्हा ऊन खांब ओलांडून गेलं होतं. हात लावलेलं पहिलंच पान बोटांत मोडलं. तसं दव पुन्हा पडलं नाही. उरलेल्या दिवसांत तिनं पाणी शिंपडून, फडकी ओली करून जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं. बाकीचा चुरा झाला, तो टोपलीत भरून ठेवला. म्हाताऱ्यांना नाकात ओढायला. विहिरीवर गेली की पोरं उठून उभी राहायची आणि बाईंना म्हणतात तसं एका सुरात म्हणायची, "नमस्ते, पहिलीतल्या आजी!" मालितानं एकदा विचारलं, दुसरीची पाटी कधी घेणार. एसिनाती हंडा उचलून चालायला लागली. मालिताला रात्रभर चैन पडली नसणार. वार अंगावर न येणं हेच तिला सोसत नाही.

महिनाअखेरीस लाफोर्ड आला. सायकलच्या मागच्या बैठकीला रबराची पट्टी गुंडाळून आणली होती, पोरीचं बोचकं बांधायला. पोर शाळेत होती. एसिनाती मांडवात शेवटच्या काठीवरची पानं बांधत होती.

"गेली वर," तिनं मान न उचलता सांगितलं. "दुसरीत. बाईंना विचार, हेडमास्तरांना विचार."

"विचारलं. बस थांब्यावरच कळलं." तो खांबाला टेकला. चेहऱ्यावर हसू होतं, पण हसावं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. "आणखीही काही कळलं. तू म्हणे पोरांत मातीत बसलीस. त्या कालच्या पोरीनं तुला सगळ्यांसमोर चूक म्हटलं."

एसिनातीनं देठ मांडीवर आपटून सारखे केले.

"आणि तू ऐकून घेतलंस?"

तिनं एक नरम पान शोधलं, शिरेवर दुमडलं, देठांभोवती गुंडाळलं, शेंडा आत खोवला.

"हो," ती म्हणाली.

लाफोर्ड वाट बघत उभा राहिला. आईच्या हो-मागून काहीतरी येतं हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. बायकोवर येईल, त्याच्या गोदामावर येईल, मेलेल्या बापावर येईल. तिनं जुडी बाजूला ठेवली आणि पुढच्या पानाला हात घातला. वाऱ्यानं मांडव करकरला. तो आणखी थोडा थांबला. मग त्यानं सायकलची रबराची पट्टी सोडून खिशात घातली आणि चटईच्या रिकाम्या बाजूला बसून पानं पुढे ओढली.